ठोका ऐकणारा कान

धुळ्याहून शिरपूरच्या दिशेने मुंबई-आग्रा महामार्गाने निघाले की थोड्याच वेळात एका टेकडीवरचा पडका किल्ला नजरेस पडतो, आणि त्याच्या पायथ्याशी जे गाव लागते ते सोनगीर होय. तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव म्हणून सोनगीरचा लौकिक जुना आहे. खानदेशातल्या लग्नघरांतले हंडे, घागरी, पराती आणि न्हाणीघरांतले बंब यांच्याशी या गावाचे नाव पिढ्यानपिढ्या जोडले गेलेले असल्यामुळे, स्टीलने आणि प्लॅस्टिकने घराघरांतून तांब्याला हुसकावून लावल्यानंतरही ते अद्याप पुसले गेलेले नाही. माझे आजोळ याच पट्ट्यातले. सुटीत मी तेथल्या एका तांबटाच्या उंबऱ्यावर तासन्‌तास बसून राहत असे. आणि पुढे ज्या व्यवसायात माझे सारे आयुष्य गेले त्याचे मर्म मला त्या उंबऱ्यावर जितके कळले, तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळले नाही.

तेथे एक वयस्क कारागीर आणि त्यांचा विशीतला पुतण्या समोरासमोर बसून काम करीत. तांब्याचा पत्रा भट्टीत लाल करून मऊ करावयाचा, लोखंडी ऐरणीवर धरून ठोकावयाचा, ठोकता ठोकता तो कडक झाला की पुन्हा भट्टीत घालावयाचा, आणि भांडे आकाराला आल्यावर मठारकाम करावयाचे, म्हणजे त्याच्या साऱ्या अंगावर एकाशेजारी एक असे सारख्या वजनाचे ठोके उमटवून त्याला बळकटी आणि झळाळी आणावयाची, असा तो क्रम असे. काका फारसे बोलत नसत. पुतण्याचा हात चुकू लागला की मान वर न करता अहिराणीत एकच शब्द उच्चारीत : ‘आयक.’ ऐक. पत्रा ऐरणीला नीट टेकलेला असला तर ठोका भरीव वाजतो, मध्ये केसभर अंतर राहिले तर पोकळ वाजतो, आणि पोकळ ठोक्याने पत्र्याला पोचा पडतो. हे मी येथे दोन ओळींत लिहिले आणि वाचकाने ते दोन क्षणांत वाचले. परंतु एवढे वाचून कोणाला घागर घडविता येणार नाही, कारण भरीव आणि पोकळ यांतला भेद ओळखणारा कान त्या दोन ओळींत नाही. तो कान त्या पुतण्याला काकांच्या शेजारी बसून, त्यांच्या आणि आपल्या ठोक्यांतले अंतर वर्षानुवर्षे ऐकूनच लाभला.

मी पुण्यास जाऊन सॉफ्टवेअरच्या धंद्यात पडलो, तेव्हा मला वाटले होते की येथे तरी कानाचे काम नाही. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा, ज्यांना आम्ही कोड म्हणतो, त्या अक्षरशः लिहिलेल्याच असतात. मग जे लिहिलेले आहे ते वाचले की समजले, असे कोणासही वाटावे. त्या काळी साऱ्या व्यवसायाचीच तशी धारणा होती. प्रथम ग्राहकाच्या गरजांचा जाडजूड दस्तऐवज तयार करावा, त्यावर सह्याशिक्के व्हावेत, मग त्या दस्तऐवजावरून आराखड्याचा दुसरा दस्तऐवज व्हावा, आणि त्याबरहुकूम कोड लिहिणाऱ्यांनी कोड लिहावा, अशी ती दफ्तरशाही पद्धत होती. आणि एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे कागद गेला म्हणजे ज्ञानही त्याबरोबर गेले, असे गृहीत धरले जाई.

ते तसे जात नाही, हे मला एका रात्रीत कळले. एका वित्तसंस्थेच्या ठेवींवरील व्याजाच्या आकारणीचे काम आमच्याकडे होते. त्या जुन्या कोडमध्ये एक चमत्कारिक ओळ होती : खातेदाराची जन्मतारीख १ जानेवारी १९०० असेल, तर त्याला ज्येष्ठ नागरिकाचे जादा व्याज देऊ नये. नव्याने रुजू झालेल्या एका हुशार मुलाला ती ओळ निरर्थक वाटली, कारण त्या दिवशी जन्मलेला माणूस असला तर तो ज्येष्ठच असणार. म्हणून त्याने ती काढून टाकली. तिचे कारण असे होते, की जुनी हस्तलिखित खातेपुस्तके संगणकावर चढविताना ज्या खातेदारांची जन्मतारीख नोंदलेली नव्हती, त्यांच्या रकान्यात कोणा कारकुनाने तीच एक तारीख भरून टाकली होती. हे ज्याला ठाऊक होते तो मनुष्य सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेला होता. महिनाअखेरीस शेकडो खात्यांवर नको ते व्याज चढले, आणि ते उतरविण्यासाठी व प्रत्येक खात्याची रुजुवात घालण्यासाठी आम्ही सकाळपर्यंत जागत होतो. त्या मुलाचा दोष मी तेव्हाही मानला नाही आणि आजही मानीत नाही. ओळ कोडमध्ये होती; तिचे कारण एका माणसाच्या डोक्यात होते, आणि डोके संस्थेच्या बाहेर गेले होते.

पीटर नाऊर नावाच्या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ साली एका निबंधात हाच विचार मांडला आहे. एका गटाने मेहनतीने एक उत्तम संगणकीय रचना सिद्ध केली, आणि तीत भर घालू इच्छिणाऱ्या दुसऱ्या गटाला तिचा सारा कोड व सारे दस्तऐवज दिले. तरीही दुसऱ्या गटाने सुचविलेल्या सुधारणा मूळ रचनेच्या बळावरच घाव घालणाऱ्या निघाल्या, आणि ते पहिल्या गटाच्या मात्र तत्काळ ध्यानात आले, असा दाखला तो देतो. यावरून त्याने असा सिद्धान्त काढला, की संगणकीय कार्यक्रमाची खरी उपपत्ती, म्हणजे तो असाच का आहे याचे जिवंत भान, तो घडविणाऱ्यांच्या मनात वसते. तो समुदाय पांगला की कोड चालत राहिला तरी कार्यक्रम मृत होतो. नाऊरला पुढे २००५ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. हा निबंध मात्र आमच्या धंद्यातल्या थोड्याच जणांनी वाचलेला असतो, याचे मला वाईट वाटते.

आता ज्या पद्धतीला आज जगभर ‘अ‍ॅजाइल’ म्हणजे चपळ म्हणतात, तिचा उदय याच जाणिवेतून झाला. २००१ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ विश्रामस्थानी, सतरा अनुभवी मंडळी जमली आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा काढला. दस्तऐवजांना मोल आहेच, परंतु चालते सॉफ्टवेअर त्याहून मोलाचे. कार्यपद्धती आणि हत्यारे यांना मोल आहेच, परंतु माणसे आणि त्यांचे परस्परांशी बोलणे त्याहून मोलाचे, असा त्याचा आशय आहे. काम लहान लहान तुकड्यांत, फार तर महिन्याभराच्या मुदतीत, पुरे करावे, ते ग्राहकाला दाखवावे, चुकले असेल तर लगेच सुधारावे, आणि टीम इतकी लहान ठेवावी की प्रत्येकाला दुसऱ्याचे काम ठाऊक असेल, असा तिचा व्यवहार. लहान टीमचा आग्रह का, हे अंकगणितानेच कळते : पाच जणांत परस्परांशी बोलण्याच्या जोड्या दहा होतात, दहा जणांत पंचेचाळीस, आणि पन्नास जणांत एक हजार दोनशे पंचवीस. पन्नास माणसांत एक गोष्ट सर्वांना कळविणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते.

या पद्धतीतल्या ‘स्क्रम’ नावाच्या प्रमुख शाखेला नाव मिळाले ते हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी विद्वानांच्या १९८६ च्या लेखावरून. रग्बीच्या खेळात सारा चमू एकमेकांकडे चेंडू देत एकत्र पुढे सरकतो, तसे नव्या वस्तू घडविणाऱ्यांनी काम करावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच नोनाकांनी पुढे जी एक हकीकत प्रसिद्ध केली, ती वाचताना मला सोनगीरचा उंबरठा आठवला. १९८५ च्या सुमारास ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत घरगुती पाव करण्याचे यंत्र घडविण्याचा खटाटोप चालला होता, परंतु यंत्रातला पाव वरून करपे आणि आतून कच्चा राही. कणीक मळण्याच्या साऱ्या मोजमापांचा अभ्यास करूनही उलगडा होईना, तेव्हा इकुको तानाका या सॉफ्टवेअर करणाऱ्या बाई ओसाकातल्या एका नामांकित हॉटेलातील मुख्य पाववाल्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून राहिल्या. त्यांच्या ध्यानात आले, की तो कणीक ओढताना तिला एक विशिष्ट पीळ देतो. त्याने ते कोणाला सांगितले नव्हते, कारण आपण तसे करतो हे सांगण्यासारखे आहे, असे त्याला कधी वाटलेच नव्हते. तानाकाबाईंनी ते शब्दांत आणले, अभियंत्यांनी यंत्राच्या आत खास कंगोरे बसविले, आणि पाव जमला. जाणता माणूस लपवाछपवी करतो म्हणून ज्ञान अडून राहते, असे क्वचितच घडते. बहुधा आपल्यापाशी काय आहे हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते, आणि शेजारी बसून पाहणाऱ्याला ते प्रथम दिसते.

अ‍ॅजाइल टीममध्ये शेजारी बसण्याची तजवीज मुद्दाम केलेली असते. रोज सकाळी पंधरा मिनिटांची एक उभ्याउभ्या बैठक होते, तिला स्टँड-अप म्हणतात. तीत प्रत्येकाने आपले काम कोठवर आले आणि कोठे अडले ते सांगावयाचे. अडलेले सांगणे हा तिचा प्राण आहे. ज्या टीममध्ये लोक केवळ वरिष्ठाला हजेरी दिल्याप्रमाणे ‘काल हे केले, आज ते करीन’ म्हणून मोकळे होतात, तेथे ती पंधरा मिनिटे फुकट गेली असे खुशाल समजावे. मुदतीच्या शेवटी ‘रेट्रो’ म्हणून दुसरी बैठक होते, तीत काय साधले आणि काय बिघडले याची मोकळी चर्चा व्हावयाची असते. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून मंजूर केल्यावाचून पुढे जाऊ द्यावयाचा नाही, असाही प्रघात आहे.

परंतु माझी खरी श्रद्धा आहे ती पेअर प्रोग्रामिंगवर, म्हणजे दोघांनी एकाच संगणकापुढे बसून एकच काम करण्यावर. केंट बेक या अमेरिकन गृहस्थाने १९९६ पासून क्रायस्लर मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या कामात ज्या पद्धती रूढ केल्या, त्यांतली ही एक. हिशेबी माणसाला हे उघड उघड उधळेपणाचे वाटते : दोघांचा पगार आणि काम एकाचे! युटा विद्यापीठात विद्यार्थ्यांवर जे प्रयोग झाले त्यांत मात्र जोडीला एकूण वेळ सुमारे १५ टक्केच अधिक लागला आणि दोष तितकेच कमी निघाले. आणि त्या अधिक वेळात एकाचे दोन जाणते झाले, ही मिळकत या आकड्यांत धरलेलीच नाही.

जोडीने बसणे म्हणजे काय, हे मी एका प्रसंगाने सांगतो. एक अनुभवी बाई आणि नुकताच खानदेशातल्या एका महाविद्यालयातून आलेला मुलगा असे दोघे एक बिघाड शोधीत होते. बिघाडाच्या हजारो ओळींची नोंद पडद्यावरून सरकत होती, आणि तो मुलगा ‘एरर’ हा शब्द असलेली प्रत्येक ओळ टिपून घेत होता. बाईंनी त्याचा हात थांबविला आणि एका अगदी निरुपद्रवी ओळीवर बोट ठेवले. ‘हिची आणि पुढचीची वेळ बघ,’ त्या म्हणाल्या. दोन ओळींत तीस सेकंदांचे अंतर होते. कोणीतरी तीस सेकंद कोणाची तरी वाट पाहत थांबले होते, आणि नंतर दिसणारे सारे दोष त्या थांबण्याचे परिणाम होते. ‘तीस हा आकडा गोल आहे ना? गोल आकडा दिसला की समजायचं, ही मुदत माणसाने घालून दिलेली आहे.’ मी मागे उभा राहून हे पाहत होतो. ही गोष्ट त्या बाईंनी कधी कोणत्या टिपणात लिहिली नव्हती, आणि लिहा म्हटले असते तर त्यांना ती आठवलीही नसती. ती त्या क्षणी, त्या ओळीपुढे, शेजारी शिकणारा असल्यामुळेच बाहेर पडली. पत्र्याच्या ठोक्याप्रमाणे ओळीओळींमधली शांतता ऐकावयाची असते, हे त्या मुलाला त्या दिवशी कळले.

याच्या उलट जे आमच्याकडे सर्रास चालते त्याला ‘केटी’, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, म्हणतात. हा शब्द पुण्याच्या हिंजवडीत कोणालाही विचारावा. मनुष्याने राजीनामा दिला की उरलेल्या मुदतीत त्याने आपले सारे ज्ञान दुसऱ्याला ‘द्यावयाचे’ आणि दुसऱ्याने ते ‘घ्यावयाचे’. पाच-सहा बैठका होतात, त्यांचे चित्रमुद्रण होते, ‘केटी झाली’ अशी नोंद होते, आणि ती मुद्रणे पुन्हा कोणी उघडून पाहत नाही. जाणाऱ्याचे चित्त नव्या नोकरीकडे लागलेले असते, आणि घेणाऱ्याला काय विचारावे हेच ठाऊक नसते, कारण प्रश्न हे काम करताना सुचतात. ज्याच्या डोक्यावर दोन-तीन वर्षे सारा भार टाकला, त्याच्या डोक्यातले दहा दिवसांत उपसून काढू पाहणे हा व्यवस्थापनाचा दोष आहे, जाणाऱ्याचा नव्हे. केटीची निकड भासावी, याचाच अर्थ असा की आधीची सारी वर्षे वाया घालविली.

इतके म्हटल्यावर, लेखनाला काही अर्थच नाही असा समज वाचकाने करून घेऊ नये. अ‍ॅजाइलचे नाव घेऊन ज्यांनी लिहिणेच सोडून दिले, त्यांनी त्या जाहीरनाम्याचा अर्धाच भाग वाचला. बोललेले हवेत विरते. आणि ते विरू द्यावयाचे नसेल तर काय करावे लागते, याचे अत्युत्तम उदाहरण सोनगीरहून जवळच, धुळ्याच्या तुरुंगात घडलेले आहे. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी, विनोबांनी तेथे आपल्या सहबंद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. विनोबा लिहून आणीत नव्हते, बोलत होते. समोर जे लोक होते त्यांच्याकडे पाहून बोलत होते. ती अठरा प्रवचने त्या भिंतींत विरून गेली असती. परंतु श्रोत्यांत साने गुरुजी होते, आणि ते ऐकता ऐकता लिहून घेत होते. त्यांच्या त्या हातामुळे ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ झाला आणि देशातल्या नाना भाषांत गेला. येथे मला विशेष वाटते ते हे, की वक्त्याने बोलावे आणि श्रोत्याने लिहावे अशी ही विभागणी होती. जाणत्याकडून लेखनाची अपेक्षा धरली तर त्याचे बोलणेही आटते. शिकणाऱ्याने लिहिले तर त्याला काय कळले आणि काय कळले नाही, तेही त्या लेखनातच उघडे पडते. प्रत्येक टीममध्ये नव्याने आलेल्यानेच टिपण लिहावे आणि जुन्याने ते केवळ तपासावे, असा परिपाठ मी माझ्या हाती असेल तेथे घालून दिला, आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

काय लिहावे, हा दुसरा प्रश्न. धुळ्यातच १९२६ च्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाड्यांचा देह पडला, आणि त्यांनी जमविलेल्या कागदपत्रांचा सांभाळ करण्यासाठी पुढच्याच वर्षी तेथे संशोधन मंडळ स्थापन झाले. गावोगावच्या दफ्तरांतून त्यांनी जे कागद वाचविले, त्यांचे मोल कशात आहे? नुसता हुकूम सापडला तर काय ठरले एवढेच कळते. त्याच्या आगचेमागचे पत्र सापडले, कैफियत सापडली, तर ते का ठरले तेही कळते, आणि इतिहास तेथून बोलू लागतो. कोड हा नुसता हुकूम आहे. २०११ साली मायकेल नायगार्ड या अभियंत्याने सुचविले, की प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाबरोबर एक-दोन पानांचे टिपण ठेवावे : तेव्हा परिस्थिती काय होती, निर्णय काय घेतला, आणि त्याचे परिणाम काय होणार. निर्णय पुढे बदलला तरी जुने टिपण फाडू नये, तो बदलल्याची नोंद करावी. मी याला निर्णयाची कैफियत म्हणतो. १ जानेवारी १९०० च्या त्या ओळीशेजारी अशी चार वाक्यांची कैफियत असती, तर आमची ती रात्र वाचली असती. अशी टिपणे सर्वांना पाहता व दुरुस्त करता यावीत यासाठी ‘विकी’ नावाची जी सोय आता सर्वत्र दिसते, तिचा जनक वॉर्ड कनिंगहॅम हाही स्नोबर्डच्या त्या सतरा जणांपैकी एक होता, आणि पहिली विकी त्याने १९९५ सालीच सुरू केली होती. तेव्हा ही मंडळी लेखनाची वैरी होती, असे म्हणता येत नाही.

आणखी एक अडचण आपल्याकडची खास आहे. टीमचे अर्धे लोक पुण्यात आणि ग्राहक न्यूयॉर्कला. येथे संध्याकाळ होते तेव्हा तेथे सकाळ उगवते. शेजारी बसावे तरी कसे? त्या सतरांपैकीच मार्टिन फाउलर यांच्या थॉटवर्क्स कंपनीने २००१ साली बंगळूरला कचेरी उघडल्यानंतर जे अनुभव त्यांनी लिहिले, त्यांत एक उपाय सांगितला आहे : एका ठिकाणचा एकेक माणूस काही महिने दुसऱ्या ठिकाणी राहावयास पाठवावा. मराठी माणसाला हा उपाय नवा वाटू नये. पेशव्यांचे हिंगण्यांसारखे वकील दिल्लीत राहत ते काय केवळ खलिते पोहोचविण्यासाठी? खलिता कासीदही नेऊ शकतो. दरबारात बसून, कोण काय बोलले आणि कोण काय बोलले नाही, हे ज्याने पाहिले आहे तोच पुण्यास कळवू शकतो की खलित्याचा अर्थ काय लावावा. २०२० च्या मार्चनंतर टाळेबंदीमुळे शेकडो तरुण लॅपटॉप घेऊन पुण्यामुंबईहून धुळे, जळगाव, शिरपूर, अमळनेरला आपापल्या घरी आले आणि तेथून काम करू लागले, तेव्हा हाच प्रश्न प्रत्येक टीमपुढे उभा राहिला. जुनी, एकमेकांना ओळखणारी माणसे त्यातून निभावली. त्या काळात जी मुले प्रथमच नोकरीला लागली, त्यांना मात्र कोणाच्या शेजारी बसता आले नाही, आणि ती उणीव त्यांच्या कामात मला पुढे कितीतरी दिवस जाणवत राहिली.

त्या मुलांत खानदेशातली पुष्कळ आहेत, आणि हा लेख मी त्यांच्याकरिताच लिहिला आहे. दिवाळीला गावी जाताना तुमची गाडी सोनगीरवरून जात असेल, तर तासभर उतरा. ज्या दारातून ठोक्याचा आवाज येत असेल तेथे परवानगी मागून बसा, आणि भरीव ठोका कोणता व पोकळ कोणता, हे डोळे मिटून ओळखता येते का ते पाहा. सुटी संपवून परत गेलात की तुमच्या टीममध्ये जी गोष्ट एकट्या एकाच माणसाला ठाऊक असेल, त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा, आणि जे ऐकाल ते त्याच संध्याकाळी लिहून ठेवा. तो माणूस राजीनामा देईपर्यंत थांबू नका.